स्वमग्न बालकांचा आहार : पथ्य किती, पोषण किती?

महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावणारी वेण्णा नदी डोंगररांगांमधून खाली उतरते आणि साताऱ्याजवळ संगम माहुली येथे कृष्णेला मिळते. या प्रवासात तिच्या खोऱ्यात वसलेले मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. तहसील कचेरी, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय आणि बाजारपेठ या ठिकाणी असल्यामुळे भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरील माणसांचे येथे नित्य येणे-जाणे असते. खाचरांतील भात आणि डोंगरउतारावरील नाचणी व वरी ही या मुलखाची परंपरागत पिके. घरचा कर्ता पुरुष मुंबईला कामधंद्यासाठी आणि घर, शेती व मुले बायकांच्या हाती, असे चित्र या खोऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

अशा एखाद्या घरातील चार वर्षांच्या मुलाची कल्पना करावी. हाक मारली तरी ते वळून पाहत नाही. इतर मुले अंगणात खेळत असताना ते एका कोपऱ्यात खेळण्यातील गाडीचे चाक तासन्‌तास फिरवीत बसते. दूध, एका विशिष्ट छापाची बिस्किटे आणि पांढरा भात याखेरीज ते तोंडात काही घेत नाही. भातात डाळीचा एक थेंब पडला तरी ताट दूर लोटते. तपासणीनंतर डॉक्टर सांगतात, मूल स्वमग्न आहे. त्यानंतर चारी दिशांनी सल्ले येऊ लागतात. मुंबईहून वडील कळवितात, ‘गहू आणि दूध बंद केले की अशी मुले बोलू लागतात, असे एकाने सांगितले आहे.’ घरातील आजी मात्र सुनेला म्हणते, ‘अगं, हेवढंच तर खातंय ते. त्याच्या तोंडचं दूध काढू नगा.’

या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, हा त्या आईपुढील प्रश्न आहे. तो केवळ एका घराचा नाही. त्याचे उत्तर देताना भावनेपेक्षा शास्त्राचा आधार घेणे हिताचे ठरते.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा मेंदूच्या विकासाशी निगडित असा जन्मजात वेगळेपणा आहे. तो संसर्गजन्य रोग नव्हे, तसेच वेडही नव्हे. बोलण्यातील व संवादातील अडचणी, इतरांशी संबंध जोडण्याची निराळी रीत, तेच ते करीत राहण्याची ओढ आणि आवाज, स्पर्श, वास, चव यांविषयी कमी-अधिक संवेदनशीलता ही त्याची प्रमुख लक्षणे होत. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी अनेक मुलांच्या बाबतीत लहानपणापासूनच्या खाण्यापिण्याच्या तक्रारींची नोंद त्यांनी केली होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती.

एके काळी या अवस्थेचा दोष आईच्या माथी मारण्यात येत असे. आईचे प्रेम कमी पडल्यामुळे मूल असे झाले, ही समजूत पाश्चात्त्य वैद्यकातही काही दशके टिकून होती. पुढील संशोधनाने ती पूर्णपणे खोटी ठरविली. स्वमग्नतेच्या मुळाशी आनुवंशिक घटकांचा वाटा मोठा असतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. मात्र जुना दोष गेला आणि त्याच्या जागी नवा दोष येऊ पाहत आहे. ‘आईने पथ्य नीट पाळले नाही म्हणून मूल सुधारले नाही,’ असे म्हणणे हा त्याच जुन्या अन्यायाचा नवा अवतार होय.

पथ्याची कल्पना कोठून आली?

गहू व जव यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. दुधात केसीन नावाचे प्रथिन असते. ही दोन्ही आहारातून वगळणे हे स्वमग्न बालकांसाठी सांगण्यात येणारे सर्वांत प्रसिद्ध पथ्य आहे. १९७९ मध्ये जाक पँकसेप या शास्त्रज्ञाने असा तर्क मांडला की, मेंदूतील अफूसदृश द्रव्यांचा अतिरेक हे या मुलांच्या एकलकोंडेपणाचे कारण असावे. नॉर्वेमधील संशोधक कार्ल राइखेल्ट यांनी त्याला आहाराची जोड दिली. गहू व दूध यांचे अर्धवट पचन होऊन अफूसारखा परिणाम करणारे काही अंश तयार होतात, ते आतड्यातून रक्तात झिरपतात आणि मेंदूवर अंमल गाजवितात, असे या उपपत्तीचे सार होते. १९९० नंतर पालकांच्या अनुभवकथनांतून हे पथ्य जगभर पसरले आणि कालांतराने आपल्या शहरांतून खेड्यांपर्यंत पोहोचले.

तर्क म्हणून ही कल्पना त्याज्य नव्हती. परंतु शास्त्रात तर्काला कसोटीवर उतरावे लागते. या मुलांच्या लघवीत अफूसदृश अंश अधिक प्रमाणात सापडतात, असा दावा होता. २००८ मध्ये लंडन येथील संशोधकांनी स्वमग्न मुलांच्या आणि इतर मुलांच्या लघवीची काटेकोर तपासणी केली, तेव्हा दोहोंत तसा फरक आढळला नाही. उपपत्तीचा पायाच त्यामुळे डळमळीत झाला.

प्रयोगांची साक्ष

पथ्याचा गुण येतो की नाही, हे पाहण्याची सर्वांत विश्वसनीय रीत म्हणजे कोणाला काय दिले आहे हे पालक, शिक्षक व परीक्षक यांच्यापासून गुप्त ठेवणे. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात असा प्रयोग करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन ते पाच वर्षे वयाच्या चौदा स्वमग्न बालकांना प्रथम काही आठवडे पूर्णपणे ग्लूटेन व केसीन विरहित आहारावर ठेवण्यात आले. नंतर त्यांना खाऊ देण्यात येई. त्यात कधी ग्लूटेन असे, कधी केसीन, कधी दोन्ही, तर कधी दोहोंपैकी काहीच नसे. मुलांचे वागणे, झोप आणि पोटाच्या तक्रारी यांच्या नोंदी ठेवण्यात आल्या. खाऊमध्ये काय होते यावरून या नोंदींत अर्थपूर्ण फरक पडला नाही.

चौदा ही संख्या लहान आहे, हे मान्य करावयास हवे. तत्पूर्वी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा जो आंतरराष्ट्रीय आढावा घेण्यात आला, त्यात निकषांना उतरणारे केवळ दोन प्रयोग सापडले आणि त्यांतील मुलांची एकूण संख्या पस्तीस होती. म्हणजे पथ्याच्या बाजूचा पुरावाही तुटपुंजाच आहे. अशा परिस्थितीत ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्ये दिलेला सल्ला स्पष्ट आहे. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर उपाय म्हणून ग्लूटेन किंवा केसीन वर्ज्य करणारे आहार योजू नयेत, असे तिने सांगितले आहे.

२०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासाने या विषयावर आणखी प्रकाश टाकला. स्वमग्न मुलांच्या आतड्यांतील जीवाणू निराळे असतात आणि त्यामुळेच स्वमग्नता येते, असे काहींचे म्हणणे होते. २४७ मुलांच्या तपासणीत क्रम उलटा असल्याचे दिसून आले. ही मुले मोजकेच पदार्थ खातात, म्हणून आहारातील विविधता घटते आणि त्यामुळे जीवाणूंची विविधताही घटते. ज्याला कारण मानले जात होते तो परिणाम असण्याचा संभव अधिक ठरला.

मग गुण आल्यासारखा का वाटतो?

‘आमच्या ओळखीच्या मुलाला तर फरक पडला,’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. त्यांच्या अनुभवामागे अनेक कारणे असू शकतात. पहिले म्हणजे स्वमग्न मूलही वाढत असते. चौथ्या वर्षी न बोलणारे मूल पाचव्या वर्षी आपल्या गतीने चार शब्द बोलू शकते. दुसरे असे की, पथ्याबरोबरच वाचाोपचार, खेळातून शिक्षण, घरच्यांचे वाढलेले लक्ष या गोष्टीही सुरू झालेल्या असतात. तिसरे कारण आशा हे होय. ज्याची आपण आतुरतेने वाट पाहतो, त्याची लहानशी खूणही डोळ्यांना मोठी दिसते.

याचे बोलके उदाहरण १९९९ मधील आहे. सिक्रेटिन नावाच्या, पचनसंस्थेशी संबंधित अशा द्रव्याचे इंजेक्शन दिल्यास स्वमग्न मुले सुधारतात, अशी त्या वेळी मोठी वार्ता उठली होती. अमेरिकेत काही मुलांना सिक्रेटिन आणि काहींना केवळ मिठाचे पाणी टोचून पाहण्यात आले. दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा नोंदविली गेली. विशेष म्हणजे हा निष्कर्ष सांगितल्यानंतरही निम्म्याहून अधिक पालकांना सिक्रेटिनविषयीचे आकर्षण कायम राहिले. मिठाच्या पाण्याने ‘सुधारलेली’ मुले आपणास हेच शिकवितात की, एकेका घरातील अनुभव कितीही प्रामाणिक असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक शक्यता मात्र गंभीरपणे घ्यावयास हवी. काही स्वमग्न मुलांना दुधातील साखर पचत नाही, काहींना बद्धकोष्ठ असतो, तर काहींना एखाद्या अन्नाची खरीखुरी ॲलर्जी असते. ज्याला बोलता येत नाही ते मूल पोटात दुखते हे कसे सांगणार? ते किंचाळते, डोके आपटते, रात्र रात्र जागते. पोटाची तक्रार दूर झाली की ते शांत होते आणि स्वमग्नता कमी झाली असे घरच्यांना वाटते. वस्तुतः दुखणे कमी झालेले असते. हे कमी महत्त्वाचे नाही. पण त्यासाठी आधी दुखण्याचे निदान व्हावे लागते.

जेथे पथ्य हेच औषध

आहाराचा आणि मेंदूचा काही संबंधच नाही, असे मात्र समजू नये. १९३४ मध्ये नॉर्वेत एका आईने आपल्या दोन मतिमंद मुलांच्या अंगाला व लघवीला येणाऱ्या विचित्र वासाचा पाठपुरावा केला. अनेक डॉक्टरांकडे हेलपाटे घातल्यावर ती आस्ब्यर्न फलिंग यांच्याकडे पोहोचली. त्यांनी लघवीची तपासणी केली आणि फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार उजेडात आला. प्रथिनांतील एक विशिष्ट घटक शरीराला पचविता येत नाही आणि तो साठून मेंदूची हानी करतो, असे या विकाराचे स्वरूप आहे. उपचार न झालेल्या काही मुलांत स्वमग्नतेसारखी लक्षणेही दिसतात. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी हॉर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकारासाठी विशेष आहार तयार केला. जन्मानंतर लगेच निदान होऊन हे पथ्य सुरू केले, तर मूल बुद्धीने इतरांसारखेच वाढू शकते.

गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्यांना इजा होते तो सीलियाक हा आजारही असाच. त्यात गहू कायमचा वर्ज्य करणे हाच उपचार आहे. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या काही मुलांना स्निग्ध पदार्थप्रधान असा विशेष आहार रुग्णालयाच्या देखरेखीखाली देण्यात येतो. स्वमग्न मुलांपैकी काहींना अपस्मारही असतो, त्यामुळे त्यांच्यापैकी एखाद्याला या आहाराची गरज पडू शकते.

या उदाहरणांतून एक सूत्र निघते. येथे प्रत्येक ठिकाणी आधी तपासणी झाली, निश्चित निदान झाले आणि मग पथ्य ठरले. पथ्य निदानाच्या मागून यावे, त्याच्या पुढे धावू नये.

पथ्याची किंमत

‘गुण आला तर आला, नाही तर तोटा काय?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तोटा आहे आणि तो मोठा आहे. अनेक स्वमग्न मुलांचा आहार मुळातच चार-सहा पदार्थांपुरता मर्यादित असतो. २०१३ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात स्वमग्न मुलांत खाण्यासंबंधीच्या अडचणी इतर मुलांच्या तुलनेत सुमारे पाचपट आढळल्या, तसेच त्यांच्या आहारात कॅल्शियम व प्रथिने कमी पडत असल्याचे दिसले. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी स्वमग्न मुलग्यांच्या हाताच्या हाडांची जाडी मोजली, तेव्हा ती अपेक्षेपेक्षा कमी भरली आणि दूध वर्ज्य केलेल्या मुलांत ही उणीव अधिक होती. अतिशय मर्यादित आहारामुळे स्वमग्न मुलांना क जीवनसत्त्वाच्या अभावी स्कर्व्ही आणि अ जीवनसत्त्वाच्या अभावी दृष्टिदोष झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्‌मयात नमूद आहेत.

साधा हिशेब मांडून पाहावा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. दोन पेले, म्हणजे ४०० मिलिलिटर दूध घेणाऱ्या मुलाला त्यातूनच सुमारे ४८० मिलिग्रॅम मिळते. आरंभी उल्लेखिलेल्या मुलाचे दूध एका दिवसात बंद केले, तर बिस्किटे आणि पांढरा भात ही तूट भरून काढू शकत नाहीत. आजीचे म्हणणे शास्त्राच्या भाषेत नव्हते, पण ते निराधारही नव्हते.

पैशाचा प्रश्नही आहेच. ग्लूटेनविरहित म्हणून विकली जाणारी डबाबंद पिठे व बिस्किटे, परगावाहून मागविलेले उंटिणीचे दूध, नानाविध जीवनसत्त्वांच्या बाटल्या यांवर होणारा खर्च साध्या कुटुंबाला झेपणारा नसतो. तोच पैसा मुलाला उपचार-केंद्रात नेण्या-आणण्यासाठी अधिक उपयोगी पडला असता. याखेरीज काही तथाकथित उपचार थेट धोकादायक असतात. शरीरातील जड धातू काढून टाकण्याच्या नावाखाली केलेल्या उपचारात २००५ मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला, ही घटना कोणीही विसरू नये.

जावळीच्या चुलीवरचे अन्न

या संदर्भात मेढ्याच्या परिसरातील पारंपरिक आहाराकडे नव्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तांदूळ, नाचणी, वरी, ज्वारी आणि बाजरी यांत ग्लूटेन नसते. म्हणजे ज्या आहारासाठी शहरातील पालक महागडी पाकिटे विकत घेतात, तो या खोऱ्यात पूर्वापार शिजत आला आहे. एखाद्या मुलाला सीलियाक असल्याचे निदान झालेच, तर त्याच्यासाठी वेगळा बाजार करण्याची गरज नाही. मात्र अशा वेळी गव्हाच्या दळणानंतर त्याच गिरणीत दळलेले नाचणीचे पीठ चालत नाही. ते घरच्या जात्यावर किंवा स्वतंत्रपणे दळून घ्यावे.

ज्या मुलाला सीलियाक नाही त्यालाही नाचणी उपकारकच आहे, पण ती गव्हाला शत्रू मानून नव्हे, तर तिच्या स्वतःच्या गुणांसाठी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते सर्वच्या सर्व अंगी लागत नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून दळल्यास त्याचे शोषण सुधारते. नाचणीचे सत्त्व, आंबील किंवा मऊ भाकरी या रूपांत ती देता येते. तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, अंडी, डाळी व शेंगदाणे यांतून प्रथिने, लोह व कॅल्शियम मिळते. पेरू, लिंबू आणि आवळा यांतून क जीवनसत्त्व मिळते. स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ असावे.

दूध बंद करू नये याचा अर्थ मुलाला केवळ दुधावर ठेवावे असा नव्हे. दिवसभर लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाची भूक मरते आणि दुधात लोह अत्यल्प असल्यामुळे त्याच्या रक्तातील लोह घटते. दूध मर्यादेत आणि जेवणानंतर द्यावे, हा मध्यममार्ग उत्तम.

खाण्याची घडी कशी बसवावी?

स्वमग्न मुलाचा खाण्याविषयीचा हट्ट हा लाडावलेपणा नसतो. डाळीचा स्पर्श, भाजीचा वास, भाकरीचा चावताना होणारा आवाज त्याला खरोखर असह्य होऊ शकतो. म्हणून दटावणे, हात धरून तोंडात घास कोंबणे किंवा उपाशी ठेवणे हे उपाय उलटतात. प्रथम दात किडले आहेत काय, शौचाला कडा होतो काय, गिळताना ठसका लागतो काय, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. त्यानंतर पुढील पद्धतीने चालावे.

जेवणाची वेळ, जागा आणि ताट-वाटी ठरलेली असावी. मुलाला अचानक बदल सोसत नाही. त्याचा हा स्वभाव येथे उपयोगी पडतो. मधल्या वेळी हातात बिस्किटांचा पुडा देणे टाळावे, म्हणजे जेवणाच्या वेळी भूक राहते. ताटात आवडीचा पदार्थ असावाच आणि त्याच्या शेजारी, त्याला न चिकटता, नव्या पदार्थाचा शेंगदाण्याएवढा भाग ठेवावा. तो खाल्लाच पाहिजे असे नाही. पाहणे, हात लावणे, हुंगणे, ओठांना लावणे आणि मग चाखणे अशा पायऱ्या असतात. एका पदार्थासाठी दहा-पंधरा वेळा प्रयत्न करावा लागला तरी निराश होऊ नये.

आवडीच्या पदार्थाचा धागा धरून नव्या पदार्थाकडे जावे. मुलाला कुरकुरीत बिस्किट आवडते, तर नाचणीची कडक, पातळ भाकरी त्याच आकारात कापून द्यावी. पांढरा भात आवडतो, तर भातात मऊ शिजविलेल्या वरीचे प्रमाण चमच्याचमच्याने वाढवावे. एका वेळी एकच बदल करावा, चव, रंग आणि पोत तिन्ही एकदम बदलू नयेत. घरातील सर्वांनी एकच रीत पाळावी. आईने बसविलेली घडी काकाने आणलेल्या खाऊच्या पुड्याने मोडू नये. मूल माती, खडू किंवा भिंतीचा पोपडा खात असेल, तर रक्तातील लोहाची तपासणी अवश्य करून घ्यावी.

पथ्य करून पाहावयाचेच असेल तर

सर्व ऐकूनही एखाद्या कुटुंबाला पथ्याचा प्रयोग करावासा वाटला, तर त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण तो शिस्तीने करावा. गहू बंद करण्यापूर्वी सीलियाकसाठी रक्ततपासणी करून घ्यावी, कारण गहू बंद केल्यानंतर ही तपासणी विश्वासार्ह राहत नाही. मुलाचे वजन व उंची नोंदवावी. दूध काढावयाचे असल्यास त्यातील कॅल्शियम व प्रथिने कशातून भरून काढणार, हे आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने आधी ठरवावे. गहू व दूध एकाच वेळी बंद करू नये. त्याच काळात नवे औषध वा नवा उपचार सुरू करू नये. मुदत आधीच ठरवून घ्यावी. झोप, शौच, रडणे, बोललेले शब्द यांची रोजची नोंद वहीत करावी आणि शक्य तर अंगणवाडी सेविकेला अथवा शिक्षकांना पथ्याविषयी न सांगता त्यांचे निरीक्षण विचारावे. मुदतीनंतर पदार्थ पुन्हा सुरू करून पाहावा. फरक दिसला नाही तर पथ्य तेथेच संपवावे. वजन घटू लागले तर मुदतीचीही वाट पाहू नये.

साहाय्य कोठे मिळते?

स्वमग्न मुलाला खरा उपयोग होतो तो लवकर सुरू झालेल्या शिक्षण-उपचारांचा. वाचाोपचार, व्यवसायोपचार, खेळातून संवाद आणि पालकांचे प्रशिक्षण ही त्याची अंगे होत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना व शाळांना भेटी देऊन मुलांची तपासणी करतात. विकासातील विलंब आढळलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची त्यात योजना आहे. एक वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यास प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षाचे मूल बोटाने वस्तू दाखवीत नसेल अथवा शिकलेले शब्द विसरू लागले असेल, तर पालकांनी पथकाची वाट न पाहता ग्रामीण रुग्णालयात दाखवावे.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नतेला कायद्याची मान्यता दिली. या न्यासाच्या निरामय योजनेखाली एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात मान्य करण्यात आलेल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. अपंगत्वाचे प्रमाण किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणित झालेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत अथवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला आहे. याकरिता दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र आवश्यक असते. पालकांनी त्यासाठी संकोच करू नये. प्रमाणपत्र हा मुलावरील शिक्का नसून त्याच्या हक्काची ती किल्ली आहे.

वेण्णाकाठच्या त्या घराकडे पुन्हा वळू. आईने दूध बंद केले नाही, मुलाची तपासणी करून घेतली, बिस्किटांच्या आकाराची नाचणीची भाकरी त्याच्या ताटात रोज ठेवली आणि महिन्यानंतर एका सकाळी त्याने तिचा तुकडा मोडून तोंडात टाकला, असे समजू. या तुकड्याने त्याची स्वमग्नता जाणार नाही. पण त्याच्या हाडांना बळ येईल, दुपारच्या ताटावरचे रडणे थोडे कमी होईल आणि उपचार शिकण्यासाठी लागणारी ताकद अंगात राहील. मुलाला पोटभर जेवू घालणे आणि त्याच्या गतीने त्याला जगाशी जोडणे, एवढे घरच्यांनी केले तर त्यांच्याकडून काही राहून गेले असे कोणी म्हणू शकणार नाही. आजी आणि शास्त्र या बाबतीत एकाच बाजूला आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.